पाच मीटरांचे अंतर

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळ सावरपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. १९८५ साली तेथे जन्मलेल्या कविता राऊत या मुलीने धावणे निवडले. त्याचे एक कारण अगदी साधे होते : अनवाणी धावायला पैसे लागत नाहीत. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तिचा नियमित सराव झाला आणि लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागले.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. नोव्हेंबरमध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत तिने तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी सरासरी साडेशहात्तर सेकंदांत, आणि अशा २५ फेऱ्या! दीड महिन्यात शरीर काही नवे होत नाही. सोबतचे धावपटू शर्यत कोणत्या वेगाने नेतात, यावरही वेळ ठरते.

एवढे धावण्यासाठी ऊर्जा येते कोठून? १०० मीटर धावणारा खेळाडू मुख्यतः स्नायूंत साठवलेल्या इंधनावर, ऑक्सिजनची वाट न पाहता धावतो. हा मार्ग जलद खरा, पण त्याने स्नायूंतील आम्लता वाढते आणि पाय जड होतात. १०,००० मीटरमध्ये नऊ दशांशांहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळते. अनेक वर्षांच्या सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील तंतुकणिका वाढतात. हे बळ विकत मिळत नाही. ते रोज थोडे थोडे घडवावे लागते.

मात्र शेवटच्या फेरीत लांब पल्ल्याच्या धावपटूलाही वेगवान धावपटू व्हावे लागते. ग्वांगझूला पहिल्या तिघी तीन सेकंदांच्या आत पोहोचल्या. सुवर्णपदक मिळवणारी केरळची प्रीजा श्रीधरन कवितापेक्षा फक्त ०.९७ सेकंद पुढे होती. कविताच्या सरासरी वेगाने हे अंतर होते जेमतेम ५ मीटर! तिला रौप्यपदक मिळाले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला, आणि २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली.

आता एक प्रयोग करा. शाळेच्या मैदानावर ४०० मीटर अंतर आखा आणि घड्याळ लावून धावा. धावण्यापूर्वी, धावल्यावर लगेच आणि नंतर दर मिनिटाला नाडीचे ठोके मोजून वहीत लिहा. महिनाभर सराव करून पुन्हा मोजा. नाडी पूर्वीपेक्षा लवकर शांत होते का? आणि साडेशहात्तर सेकंदांत फेरी पूर्ण झालीच, तर एवढे आठवा : कविताच्या अजून २४ फेऱ्या उरलेल्या असत!