मित्रमंडळींचे जेवण: स्वयंपाकघरातील काही समज आणि वस्तुस्थिती

स्नेह्यांना घरी बोलावून आपल्या हातचे आवडते पदार्थ वाढणे ही मराठी घरांतील जुनी आणि आजही टिकून असलेली रीत आहे. मात्र एरवी चार माणसांपुरते रांधणारे घर अशा वेळी पंधरा-वीस जणांसाठी रांधते, पातेली मोठी होतात, अन्न शिजून जेवणापर्यंत तासन्‌तास थांबते आणि पंगत उठल्यावर पुष्कळसे उरतेही. अशा स्वयंपाकाविषयी घरोघर जे नियम सांगितले जातात त्यांतील बरेचसे दोष एखाद्या जिन्नसावर किंवा भांड्यावर ठेवतात. वस्तुतः अन्नाचे बरेवाईट मुख्यतः ते किती तापमानाला आणि किती वेळ राहिले यावर ठरते.

पहिला समज डाळी-कडधान्यांचा आहे. आधी मीठ घातले तर उसळ शिजत नाही, असे मानून मीठ अगदी शेवटी घातले जाते. कडधान्याच्या सालीतील पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे घट्ट राहते. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असेल तर त्यातील सोडियम या दोहोंची जागा काही अंशी घेते, पेक्टिन सैल पडते आणि दाणे उलट लवकर मऊ होतात. खरा अडथळा आंबटाचा असतो, कारण चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांतील आम्लामुळे पेशींची ही बांधणी सुटण्यास वेळ लागतो, आणि गुळातील साखर व कॅल्शियमही तेच करतात. तुरीची डाळ हळद-हिंग घालून आधी पूर्ण शिजवावी आणि चिंच-गूळ नंतर घालावा, हा आमटीचा परंपरागत क्रम म्हणूनच पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या गृहिणींच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावी लागते. याउपरही काही दाणे टणक राहतात, त्याचे कारण बहुधा जुने कडधान्य किंवा क्षारयुक्त, म्हणजे जड, पाणी हे असते. त्यावर उपाय म्हणून खाण्याचा सोडा घातला की दाणे शिजतात खरे, पण थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते.

प्रेशर कुकरमुळे अन्नातील सत्त्व निघून जाते, हा समजही तितकाच पसरलेला आहे. कुकरमधील दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. ‘क’ आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्यांचा मोठा ऱ्हास उकळलेले पाणी फेकून देण्यात आणि दीर्घकाळ शिजवत ठेवण्यात होतो. थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजवणारा कुकर या बाबतीत उघड्या पातेल्याहून सहसा सरस ठरतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेथे तर कुकरचा उपयोग विशेष जाणवतो. मंद आचेवरचे अन्न तेवढे निर्दोष, असेही सरसकट म्हणता येत नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि ते खळखळ उकळल्यानेच निष्प्रभ होते. उकळी न येता नुसता कोमट-गरम राहिलेला राजमा उलटी-जुलाबास कारण होऊ शकतो.

शेंगदाण्यात किंवा शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल असते, या समजाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ असून वनस्पतिजन्य खाद्यांत तो जवळजवळ नसतोच. दाण्याचे कूट जपून वापरायचे असेल तर त्यातील उष्मांकांमुळे वापरावे.

सर्वांत अधिक, आणि प्रसंगी घातक, गैरसमज मात्र उरलेल्या अन्नाविषयी आहेत. वास चांगला येतो म्हणजे अन्न चांगले आहे, असे मानले जाते. परंतु अन्नाला आंबूस वास आणणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बहुतांशी वेगवेगळे असतात, त्यामुळे रोगकारक जिवाणूंनी भरलेला पदार्थ वासाला व चवीला निर्दोष असू शकतो. ‘पुन्हा एक उकळी काढली की झाले’ हा दुसरा समज अर्धवट खरा आहे. मटणाच्या रश्श्यासारखे पदार्थ मोठ्या पातेल्यात सावकाश निवत असताना त्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारे कवचबद्ध रूप, उकळीतूनही वाचतात, पुढे अंकुरतात आणि ४५ अंशांच्या आसपास जिवाणूंची संख्या सुमारे दर १० मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. येथे रस्सा नीट उकळल्यास वाढलेले जिवाणू मरतात आणि धोका कमी होतो. भाताची गोष्ट वेगळी आहे. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणूही शिजण्यातून वाचतात आणि भात ओट्यावर कोमट पडून राहिला तर ते अंकुरून उलट्या घडवणारे विष तयार करतात, जे १२१ अंशांच्या उष्णतेतही नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, तरी तयार झालेले विष त्यात राहतेच. फोडणीचा भात हा उत्तम पदार्थ आहे यात शंका नाही. तो केवळ वेळीच थंड करून ठेवलेल्या भाताचा करावा.

गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये, हा नियम नेमका येथे आड येतो. उकळते पातेले तसेच आत ठेवल्यास शेजारचे दूध-दही तापते, एवढा भाग त्यात खरा आहे. पण म्हणून अन्न ‘पूर्ण निवेपर्यंत’ चार-पाच तास बाहेर ठेवणे अधिक धोक्याचे असते. शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, ५ अंशांखाली थंड किंवा ६० अंशांवर गरम ठेवावे आणि पुन्हा तापवताना आतपर्यंत ७० अंश गाठावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खीर, पिठले, पुलाव यांसारख्या घट्ट पदार्थांत उष्णता थरामागून थर पार करीत बाहेर येते आणि थराची जाडी निम्मी केली तर निवण्याचा वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून उरलेला पुलाव परातीत पसरावा, रश्श्याचे पातेले गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळावे, आणि वाफ ओसरताच अन्न उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे.

निरोप घेणाऱ्या मित्रांच्या हाती डबा देतानाही हाच विचार लागू होतो, कारण गरम भात घट्ट झाकणाच्या डब्यात भरला की तो घरी पोहोचेपर्यंत जिवाणूंना हव्या असलेल्या तापमानातच राहतो. पोळ्या, लसणाची कोरडी चटणी, लाडू, चकल्या यांत पाण्याचा अंश कमी असल्यामुळे ते प्रवासात सहसा टिकतात. लांबच्या प्रवासाच्या डब्यात हेच द्यावेत. पुलाव, उसळ किंवा बासुंदी द्यायचीच असेल तर ती आधी फ्रिजमध्ये थंड केलेली असावी, आणि घरी पोहोचताच पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी हे डब्याबरोबर आवर्जून सांगावे.