मारलवाईचे गुरुजी

आजवर कागदावर निमूट अंगठा उठवत आलेला माणूस एक दिवस पटवाऱ्याला म्हणतो, "थांबा, काय लिहिलंय ते आधी वाचू द्या." एवढ्या एका वाक्यासाठी किती बळ लागत असेल? आणि ते अंगात येतं कुठून?

या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर आदिलाबादच्या डोंगरांत सापडतं. उटनूरच्या पलीकडे, जैनूरजवळ मारलवाई नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. 2016 च्या जिल्हा फेररचनेत ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. पण ही गोष्ट घडली तेव्हा आदिलाबाद हा एकच मोठा जिल्हा होता, निजामाच्या राज्यात. आपले किनवट आणि राजुरा हे त्याचेच तालुके.

त्या काळात या डोंगरांतला गोंड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसायचा, पण जमिनीचा पट्टा त्याच्या नावावर क्वचितच असायचा. जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि कित्येक शिवारं त्या रेषांच्या आत गेली. कचेरीची वाट माहीत असलेले बाहेरचे लोक पट्टे आपल्या नावावर करून घ्यायचे. कागद उर्दूत, हिशोब सावकाराच्या वहीत, आणि ज्याची जमीन त्याला यातलं एक अक्षर कळत नाही! 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमरम भीम आपल्या साथीदारांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, तो याच संतापातून उठलेल्या लढ्यात.

त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की एवढे शांत लोक उठले का? त्याचा शोध घ्यायला त्यांनी ज्याला पाठवलं तो व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ होता, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा तो हिंदुस्थानात होता. जर्मन पासपोर्टमुळे ब्रिटिशांच्या लेखी शत्रू देशाचा नागरिक ठरला आणि हैदराबाद संस्थानातच अडकून पडला. तो आणि त्याची पत्नी बेट्टी मारलवाईत झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले. त्याने सरकारला जे अहवाल दिले त्यांत जमिनीचे पट्टे हा मुख्य मुद्दा होता. पण पट्टा हातात आला तरी तो वाचणार कोण?

म्हणून 1943 मध्ये मारलवाईत गोंडांसाठी शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं. इथून पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बाहेरून शिकलेले मास्तर आणणं सोपं होतं, पण त्यांना गोंडी येत नव्हती. म्हणून शोध सुरू झाला तो गोंडांमधल्याच अशा तरुणांचा, ज्यांना थोडंफार लिहिता-वाचता येतं. अगदी मोजके सापडले. त्यांना जे काही येत होतं ते मराठी होतं, इकडून तिकडून, मोडकंतोडकं शिकलेलं. त्या शिदोरीवर ते गुरुजी झाले. मुलांसाठी गोंडी वाचनमाला तयार झाली, आणि ती छापली गेली देवनागरीत. आपण ज्या अक्षरांत रोज किराणा मालाची यादी लिहितो, त्याच अक्षरांत या गोंड पोरांनी पहिल्यांदा स्वतःची भाषा डोळ्यांनी पाहिली.

याने काय फरक पडतो, ते वाचण्याच्या क्रियेकडे जरा जवळून पाहिलं की लक्षात येतं. नवशिका एकेक अक्षर लावतो. 'र'ला काना-मात्रा, मग 'न'. रो...न. गोंडीत 'रोन' म्हणजे घर. दोन ध्वनी जुळतात आणि तिसऱ्या क्षणी पोराच्या डोळ्यांपुढे स्वतःचं घर उभं राहतं, कारण तो शब्द त्याच्या कानात आधीपासून बसलेला असतो. हेच पोर त्याच पाटीवर कधीच न ऐकलेल्या भाषेतला शब्द वाचायला बसलं, तर ध्वनी जुळतील पण पुढे काहीच उमटणार नाही. दहा वेळा काहीच उमटलं नाही की माणूस असं मानत नाही की भाषा परकी आहे. तो मानतो की आपल्याला डोकं नाही. माझ्या मते भिडस्तपणाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

आणि डोकं नव्हतं असं कोण म्हणेल? गोंडांच्या कुळकथा सांभाळणारे परधान लोक याच डोंगरांत राहतात. किकरी नावाचं तंतुवाद्य वाजवत ते पेनांच्या, म्हणजे कुळदेवतांच्या, लांबलचक कथा तोंडपाठ गातात. गंमत पाहा, या परधानांची घरची बोली मराठी आणि गायची भाषा गोंडी! एकही पान न उलटता दोन भाषांत जगणाऱ्या या माणसांची नोंद सरकारी कागदांत 'निरक्षर' एवढ्या एका शब्दात व्हायची.

आता बळाच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. सापाच्या भीतीने ज्यांचं रोजचं जगणं अडलं होतं, बागेत जायचीही ज्यांना धास्ती वाटायची, अशा लोकांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना निर्भयपणे साप हाताळणाऱ्यांची फिल्म दाखवली. काहींना अंग सैल सोडून सापाची कल्पना करायला लावली. तिसऱ्या गटासमोर एक माणूस प्रत्यक्ष साप हातात घ्यायचा, मग त्या घाबरलेल्या व्यक्तीला सोबत घेऊन आधी हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने, मग साप हातात, असा टप्प्याटप्प्याने नेत जायचा. सगळ्यात जास्त गुण आला तो या तिसऱ्या रीतीला. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की सापाची भीती गेलेल्यांपैकी काही जण इतर बाबतींतही धीट झाले. यातून पुढे 1977 मध्ये बांडुरांनी आपला सिद्धान्त मांडला. 'हे मला जमेल' हा भरवसा मुख्यतः स्वतः करून पाहिल्याने येतो, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहिल्याने. नुसत्या समजावण्याचा जोर या दोन्हींपेक्षा कमी.

'आपल्यासारख्याच' हा शब्द मला मारलवाईत घेऊन जातो. शहरातून आलेला मास्तर खडाखडा वाचतो हे पाहून गोंड पोराला काय वाटणार? तो मास्तरच आहे, वाचणारच. पण काल-परवापर्यंत शेजारच्या शेतात औत धरणारा, दिवाळीत दंडारीला आपल्याबरोबर नाचणारा, आपल्याच बोलीत रागावणारा तरुण फळ्यावर अक्षर काढतो, तेव्हा पोराच्या मनातला हिशोब बदलतो. त्या पहिल्या तरुणांपुढे मात्र असं कुणीच नव्हतं. अर्धवट मराठीच्या आधाराने त्यांनी खडू उचलला, चुकण्याची तयारी ठेवून. हायमेनडॉर्फचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तही आहे, पण माझा मानाचा मुजरा त्या तरुणांना आहे.

पुढे या शिक्षणातून केवळ शिक्षक तयार झाले नाहीत. काही गोंड तरुण पटवारीगिरी शिकले, काही जंगल खात्यात लागले. ज्या दप्तरांपुढे बाप हात जोडून उभा राहायचा, त्याच दप्तरात मुलगा नोंदी करू लागला. दरम्यान या भागात सरकारी अधिकारी म्हणून आलेल्या एका मराठी माणसालाही या भाषेने वेड लावलं. ते सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर 1949 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गोंडीचं व्याकरणही लिहिलं. शासक जेव्हा प्रजेची भाषा शिकायला बसतो, तेव्हा चावडीवरची हवाच पालटते.

1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. किनवट, राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला आदिलाबाद आंध्रात राहिला. तिकडे शाळा तेलुगूत, इकडे मराठीत. मधल्या मध्ये गोंडी पुन्हा घराच्या ओसरीवर गेली. सीमेच्या दोन्ही अंगांना पोरांनी परत परक्या भाषेत 'काहीच न उमटण्याचा' अनुभव घेतला. हे नुकसान मोजायला माझ्याकडे माप नाही, पण ते झालं.

तरी ही भाषा गप्प बसलेली नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्याच नारनूरजवळच्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांमधून गोंडीची स्वतःची लिपी पुढे आली. ती वाचू शकणारी मोजकी वृद्ध माणसं गावात शिल्लक होती. प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि इतर अभ्यासकांनी ती जगापुढे आणली, गावातल्या पोरांना ती शिकवायला सुरुवात झाली. या लिपीत व्यंजनांची सुरुवात 'क'पासून होत नाही, 'य'पासून होते! 2018 मध्ये युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली, म्हणजे संगणकावर तिच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आला.

आणि आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. 2022 मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस बजावली. पूर्वी अशा कागदावर अंगठा उमटला असता आणि विषय मिटला असता. मोहगावने नोटीस वाचली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावलं.