मैत्रिणी आणि आगबोट

पुरुषांची मैत्री कां तुटली याचीं कारणें सांगणें सोपें असतें: पैसा, निवडणूक, नाहींतर जमिनीचा बांध. मुलींची मैत्री बहुधा अशी तुटत नाहीं, ती सरकते. आज हिच्याशीं गूज, उद्यां तिच्याशीं. याला लहरीपणा म्हणून थट्टा करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतील रत्नागिरीच्या मुलींकडे पाहिलें, तर या सरकण्यामागें लहर किती थोडी आणि व्यवहार किती मोठा होता, हें ध्यानांत येईल.

गांव लहान. मांडवीचा धक्का, भगवतीचा किल्ला, भाट्याची खाडी, एवढ्यांत मुलींचें जग सामावलेलें. शाळेंत एका बाकावर बसणाऱ्यांची जोडी चिंचा-आवळ्यांवर जुळे. पण ती मैत्री घरांत किती आंत यावी हें जात ठरवी. कोणी ओटीपर्यंत, कोणी माजघरापर्यंत, कोणी अंगणांतच. १९३१ सालीं पतितपावन मंदिर उभें राहिलें, सर्व जातींच्या स्त्रियांचीं एकत्र हळदीकुंकवें झालीं. तरी माजघराचा उंबरा त्यानंतरहि पुष्कळ वर्षें उंचच राहिला.

सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला व मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरलें. तो सर्वत्र पाळला गेला असें नव्हे. परंतु शिकलेल्या घरांतील मुली सोळा-सतरा वर्षांच्या होईपर्यंत माहेरीं राहूं लागल्या, आणि आईच्या पिढीला क्वचितच लाभलेली गोष्ट, जाणतेपणीं जुळलेली मैत्री, त्यांना लाभली. ती सुटण्याचें दुःखहि त्यामुळें नवेंच होतें.

वर्गांतील एकीचें लग्न झालें कीं पहिली फट पडे. श्रावणांत मंगळागौरीच्या पूजेला बसावयाचें तें वशेळ्यांनीं, म्हणजे नव्यानें लग्न झालेल्या मुलींनीं. काल ओळखहि नसलेली नवी सून शेजारच्या पाटावर बसे आणि जिवाची मैत्रीण कुमारिका म्हणून बाजूला पत्री निवडीत राही. रात्रीं जागरणाच्या फुगड्या दोघी मिळून घालीत, हें खरें. पण मध्येंच सासरचा विषय निघे, वशेळ्या एकमेकींकडे पाहून हंसत, आणि तिला त्या हंसण्याचा अर्थ कळत नसे.

मग आगबोट. (मांडवीला ती आतां लागत नाहीं, १९९८ पासून सबंध कोंकणांतून रेल्वे धांवते.) धक्क्यावरून पडावांत, पडावांतून बोटीवर, आणि मुंबई. पावसाळ्यांत बोटी बंद, म्हणजे माहेरहि बंद. नोकरी मुंबईस आणि शेतीवाडी कोंकणांत अशी घराघरांची वांटणी असल्यामुळें एका मैत्रिणीला गिरगांवांत दोन खोल्यांचें बिऱ्हाड मिळे. दुसरी सासूजवळ मागें राही व मनीऑर्डरीची वाट पाही. गणपतींत पहिली येई ती नवें पातळ नेसून, सिनेमाच्या गोष्टी घेऊन. त्या गोष्टी दुसरीला ऐकावयाच्या असत, आणि नसतहि.

पत्रांनीं मैत्री टिकावी म्हणाल, तर सासरीं आलेलें कार्ड आधीं मामंजींच्या हातीं पडे, मोठ्यानें वाचलें जाई आणि मग सुनेकडे येई. अशा कार्डावर ‘सर्व क्षेम’ याखेरीज काय लिहावें?

त्यांतून नांवाची अडचण. लग्नांत ताटांतील तांदुळांवर सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहीत, आणि जुनें त्याच दिवशीं मिटे. माझ्या आजीची एक जिवलग मैत्रीण १९३८ सालीं लग्न होऊन मुंबईस गेली. लग्न परगांवीं झालें. आजीला जातां आलें नाहीं, नवें नांव कळलें नाहीं. पुढें आजीहि गिरगांवांत आली. दोघी सहा वर्षें दोन चाळींच्या अंतरावर राहिल्या. आजी माहेरच्या नांवानें चौकशी करी, आणि त्या नांवाची बाई मुंबईंत कोणी उरलीच नव्हती. शेवटीं एका हळदीकुंकवांत पलीकडून कोणी उखाणा घेतला, आणि आजीनें आवाज ओळखला.

त्या दिवशीं एकमेकींना हांक काय मारावी हेंच दोघींना सुचेना. सासूसमोर जुनें नांव घेणें बरें दिसेना, नवें तोंडांत बसेना. पुढें जन्मभर त्या एकमेकींना ‘अगो’ एवढेंच म्हणत.