विश्लेषण : पिकअपला जादा पाटा, मोठे टायर… ताम्हिणी घाटात खरा उपयोग कशाचा?

पौडहून ताम्हिणी घाटातून माणगावकडे माल नेणाऱ्या पिकअपला पावसाळ्यात चढ, वळणे आणि पाणी एकाच फेरीत भेटते. आत वाडीकडे वळले की चिखल. त्यामुळे मागे जादा पाटा, मोठे टायर आणि 'लॉक'वाले डिफरन्शियल अशा तिन्ही गोष्टींचा मोह होतो. पैसे मात्र एकाच वेळी तिन्हींना पुरत नाहीत.

आधी टायर का?

रस्त्याला टेकतो तो फक्त टायर. ओल्या उतारावर ब्रेकची ताकद त्याच्याच पकडीवर ठरते. चिखलासाठीचे मोठ्या गुट्ट्यांचे टायर शेतरस्त्यावर चांगले, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड सहसा कमी पडते. बहुतेक फेरी डांबरावरच असेल, तर मूळ मापाचे आणि मूळ भारक्षमतेचे नवे टायर सरस.

माप वाढवल्यास काय होते?

२१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ घातले, तर टायरचा व्यास सुमारे ७०३ मिमीवरून ७३३ मिमी होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५२ने धावते. चढावर ओढ कमी होते आणि उतारावर इंजिनाचा रोधही घटतो. घाटात नेमका तोच हवा असतो.

जादा पाट्याने भारक्षमता वाढते?

नाही. हौदा खाली बसत नाही, एवढेच. ॲक्सल, चासी, ब्रेक तेच राहतात आणि आरसीवरचे वजनही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला व्हॉल्व्ह हौदा किती दबला यावरून मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. पाटा वाढवल्यावर भरलेली गाडीही त्याला रिकामी भासते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. रिकामी गाडी तर वळणावर मागून उडते. पाटे खरोखर दबले असतील, तर मूळ प्रकारचा संच, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदलणे शहाणपणाचे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केले. जादा भारासाठी कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे.

मग डिफरन्शियल?

वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते. दोन चाकांना वेगळा वेग देणे हे डिफरन्शियलचे काम. साध्या रचनेत एक चाक चिखलात फिरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी रुतते. लॉक दोन्ही चाके जखडून ही अडचण सोडवतो. पण तोच डांबरी वळणावर लावलेला राहिला, तर टायर घासतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते. टोयोटा हायलक्ससारख्या गाडीत तो कारखान्यातूनच येतो. मालवाहू पिकअपला बाहेरून बसवणे खर्चिक, शिवाय कायद्याचा प्रश्न आहेच. वर्षातून चार-पाच वेळाच रुतणाऱ्या गाडीसाठी फावडे, दोन फळ्या आणि ओढायचा पट्टा पुरतो.