भाड्याच्या जागेतले संकेतस्थळ : बिघाड शोधायचा कसा?



पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघाले, की वाटेत खेड तालुक्यातले कुरुळी गाव लागते. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, तशा या पट्ट्यातल्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, अशी कुठून कुठून माणसे कामाला येतात, खोली घेतात, आणि मग चौकशी करतात ती मुलांच्या शाळेची. शाळा कितवीपर्यंत आहे? मागच्या शाळेचा दाखला हाताशी नसला तर मुलाला घेतील का? ही चौकशी आता शाळेच्या फाटकाशी येण्याआधी मोबाईलवर होते. तेव्हा शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, असणे ही आता चैन राहिलेली नाही.

ते उभे करायला दर वेळी शहरातून कारागीर आणावा लागतो असेही नाही. वर्डप्रेस नावाची प्रणाली फुकट मिळते. अमेरिकेतले मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधले माइक लिटल या दोघांनी ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात. एकदा ती बसली, की सूचना, फोटो, वेळापत्रक चढवणे हे मोबाईलवर निरोप लिहिण्याइतके सोपे होते. अडते ते बसवताना. पडदा पांढरा पडतो, नाहीतर इंग्रजीतली एक ओळ येते आणि काम थांबते. गुरुजी घाबरून सगळे पुसून टाकतात, पुन्हा बसवतात, पुन्हा तेच. शेवटी कुणाला तरी पैसे देऊन काम उरकून घेतात आणि किल्ल्या त्याच्याच खिशात राहतात. उद्या त्याने फोन उचलला नाही, की गावाचे संकेतस्थळ गावाच्या हातून गेले! म्हणून बिघाड आपला आपण कोणत्या क्रमाने शोधावा, एवढेच आज पाहू.

आधी ही जागा कशी असते ते समजून घेऊ. वर्षाच्या भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त जागेला ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणतात. ती म्हणजे आपल्या ओळखीची चाळच की! एका मोठ्या संगणकावर शेकडो बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळे. पण पाण्याची टाकी एक आणि नियम मालकाचे. म्हणून तर भाडे परवडते. आपल्याला चार वस्तूंशी गाठ असते. नाव, म्हणजे डोमेन, जागा, म्हणजे ही खोली, वर्डप्रेसच्या फायली, आणि चौथे दप्तर, म्हणजे डेटाबेस, ज्यात आपला सारा मजकूर राहतो. वाचणाऱ्याची मागणी नावावरून जागेकडे, जागेतून फायलींकडे आणि फायलींतून दप्तराकडे जाते. मग तयार पान परत येते. चाळीत नळाला पाणी आले नाही तर आपण भिंत फोडत नाही. टाकीपासून नळापर्यंत एकेक सांधा तपासत येतो. इथेही तसेच करायचे.

दोन नियम मात्र आरंभीच पाळावेत. पडद्यावर आलेला संदेश शब्दाला शब्द वहीत उतरवून घ्यावा. आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. बिघडले, तर परतीची वाटही राहत नाही.

पहिला सांधा नावाचा. नाव एकाकडून आणि जागा दुसऱ्याकडून घेतली असेल, तर नाव विकणाऱ्याच्या खात्यात जागावाल्याचे ‘नेमसर्व्हर’ लिहावे लागतात. नवा पत्ता पोस्टमनला कळवावा तसे हे आहे. ही बातमी जगभर पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. एवढ्या वेळात एकाच्या मोबाईलवर पान दिसते आणि दुसऱ्याच्या दिसत नाही. हा बिघाड नव्हे, थांबावे. वर्डप्रेस बसवण्यापूर्वीच एक छोटेसे साधे पान जागेवर ठेवून ते उघडते का पाहावे. उघडले, की नाव आणि जागा यांचा सांधा पक्का समजा.

दुसरा सांधा फायलींचा. बहुतेक ठिकाणी खोलीच्या आत ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचा कप्पा असतो. त्यात ठेवलेले तेवढेच जगाला दिसते. इथे तीन चुका वारंवार होतात. वर्डप्रेसचे गाठोडे सोडले, की त्यातून ‘वर्डप्रेस’ नावाचा आणखी एक कप्पा निघतो आणि सगळ्या फायली त्यात राहतात. मग संकेतस्थळ मूळ नावावर न उघडता नावापुढे ‘वर्डप्रेस’ जोडल्यावर उघडते. काही बसवण्याआधीच त्या आतल्या फायली एक पायरी वर आणाव्यात. दुसरी चूक म्हणजे मालकाने आधी ठेवलेले ‘लवकरच येत आहे’ असे पान तसेच राहते आणि तेच पुढे येते. ते काढून टाकावे. तिसरी चूक विजेच्या आणि नेटच्या कृपेने होते. वर्डप्रेसमध्ये हजारांहून अधिक फायली असतात. त्या एकेक चढवताना मध्येच नेट गेले, की पाच-दहा मागे राहतात आणि ‘अमुक फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. म्हणून बांधलेले गाठोडे एकदम चढवावे आणि तिकडेच, जागेच्या ‘फाइल मॅनेजर’मध्ये सोडावे.

तिसरा सांधा दप्तराचा. सर्वांत जास्त माणसे इथे अडतात, म्हणून इथे जरा थांबू. संदेश येतो तो असा : ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. अर्थ एवढाच, की फायलींना दप्तराच्या कपाटापर्यंत पोचता आले नाही. कपाटाचा पत्ता आणि किल्ली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाच्या फायलीत लिहिलेली असते. त्यात चार नोंदी असतात : दप्तराचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द आणि दप्तर ज्या यंत्रावर आहे त्याचे नाव. चारांपैकी एकीत एक अक्षर चुकले तरी दार उघडत नाही.

आता चूक कशी होते ते ऐका. चाळीत दहा बिऱ्हाडांत ‘गणेश’ असतील, तर आपण आडनाव लावूनच हाक मारतो ना? तसेच भाड्याच्या जागेत दप्तराच्या आणि वापरणाऱ्याच्या नावाआधी आपल्या खात्याचे नाव आपोआप जोडले जाते. आपण दप्तराचे नाव ‘शाळा’ ठेवले आणि खात्याचे नाव ‘कुरुळी’ असले, तर खरे नाव होते ‘कुरुळी_शाळा’. फायलीत नुसते ‘शाळा’ लिहिले, की संपले! दुसरे असे, की दप्तर तयार केले, वापरणाराही तयार केला, पण त्याला त्या दप्तरावर नेमण्याची तिसरी पायरी राहून जाते. ‘सी-पॅनल’मध्ये ही पायरी वेगळी आहे, तिथे सर्व अधिकार देण्याची खूण करावी लागते. चौथ्या नोंदीत बहुधा ‘लोकलहोस्ट’ लिहायचे असते, पण काही मालक दप्तर निराळ्या यंत्रावर ठेवतात. तेव्हा त्यांच्या पत्रातले नाव लिहावे. आणि परवलीचा शब्द मोबाईलवरच्या निरोपातून उचलून चिकटवू नये. त्याबरोबर वाकडी अवतरणचिन्हे येतात, ती यंत्राला समजत नाहीत.

संदेश नीट वाचल्याचा फायदा इथे दिसतो. ‘डेटाबेस निवडता आला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द बरोबर आहेत. चूक दप्तराच्या नावात किंवा अधिकारात आहे. निम्मे काम तिथेच झाले.

चौथा सांधा मालकाच्या नियमांचा. वर्डप्रेस ‘पीएचपी’ या भाषेत लिहिलेले आहे आणि जागेवर त्या भाषेची कोणती आवृत्ती चालू आहे याला महत्त्व असते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ६.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेसने ७.२.२४ पेक्षा जुन्या पीएचपीला रजा दिली. जुन्या खात्यावर नवे वर्डप्रेस बसेनासे झाले, तर आधी ही आवृत्ती पाहावी. सी-पॅनलमध्येच ती बदलता येते.

‘पाचशे’ क्रमांकाची चूक, म्हणजे ‘इंटर्नल सर्व्हर एरर’, आली तर परवानग्या तपासाव्यात. प्रत्येक फायलीला तीन आकडे असतात : पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १ अशी बेरीज करायची. कप्प्यांना ७५५ आणि फायलींना ६४४ हे नेहमीचे माप. म्हणजे आपण लिहू शकतो, बाकीच्यांनी फक्त वाचावे. कुणी सांगेल, ‘७७७ करा, सगळे चालेल.’ तसे करू नका. ते खोली सताड उघडी टाकण्यासारखे आहे, आणि कित्येक ठिकाणी त्यामुळेच पाचशेची चूक येते. परवानग्या बरोबर असतील, तर ‘एचटीअ‍ॅक्सेस’ या लपलेल्या फायलीचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. पान उघडले तर दोष तिच्यात होता. मग वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘पर्मालिंक’च्या पानावर जाऊन नुसते ‘सेव्ह’ दाबले, की ती नव्याने तयार होते. मुखपृष्ठ उघडते पण आतली पाने ‘सापडत नाही’ म्हणतात, तेव्हाही हाच उपाय.

पडदा पांढराच राहिला तर? पूर्वी ही तक्रार फार होती. मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी निदान चूक झाल्याचे इंग्रजीत सांगते. कारण बहुधा नव्याने जोडलेले एखादे प्लगइन असते, किंवा आपल्या वाट्याची स्मृती अपुरी पडते. टाकी सामाईक आहे, तेव्हा प्रत्येकाच्या नळाला माप असणारच. खात्यातली ‘एरर लॉग’ नावाची फाइल उघडावी. कोणत्या फायलीच्या कितव्या ओळीवर गाडी अडली, ते तिथे लिहिलेले असते. प्लगइन दोषी असेल, तर फक्त त्याच्या कप्प्याचे नाव बदलले तरी ते बंद पडते. सारे पुसायची गरज नाही.

आता एक गोष्ट खास मराठी शाळांसाठी. बसवणे झाल्यावर पहिल्याच पानावर ‘कुरुळी’ हा शब्द लिहा, साठवा, आणि पान पुन्हा उघडून पाहा. ‘ळ’ जसाच्या तसा दिसला तर ठीक. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर दप्तराची अक्षरपद्धती जुनी आहे. ती ‘यूटीएफ-८’ घराण्यातली असावी लागते. ही परीक्षा पहिल्या दिवशीच घ्यावी, कारण दप्तरात प्रश्नचिन्हे म्हणून साठलेली अक्षरे पुन्हा मिळत नाहीत. वर्षभर लिहिलेली शाळेची हकीकत अशी गेली, तर ती कुणालाच परत आणता येणार नाही.

सुरू केलेले काम एका बैठकीत पुरे करावे, हेही महत्त्वाचे. फायली चढवून ठेवल्या आणि उरलेले उद्या करू म्हटले, तर बसवण्याचे पान जगाला उघडे राहते. अशी अर्धवट पाने शोधणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. कुणीही परका ते पान भरून आपल्या जागेचा धनी होऊ शकतो. काही मालक एका बटणात वर्डप्रेस बसवून देणारी सोय ठेवतात. ती जरूर वापरावी, पण सांधे माहीत असू द्यावेत. काम झाले, की ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र लावून पत्त्यामागे कुलपाची सोय करावी. मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे फोन यांच्या याद्या मात्र कधीही चढवू नयेत.

शेवटी किल्ल्यांचे बोलू. गुरुजींची बदली होते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, सरपंच बदलतात. संकेतस्थळ मात्र गावाचेच राहायला हवे. म्हणून नाव शाळेच्या किंवा पंचायतीच्या नावावर घ्यावे, एखाद्याच्या खाजगी ईमेलवर नव्हे. नाव आणि जागा यांच्या मुदतीच्या तारखा आणि खात्यांचे परवलीचे शब्द एका लखोट्यात घालून तो शाळेच्या कपाटात ठेवावा. कार्यभार देताना जनरल रजिस्टर आणि हजेरीपत्रकाबरोबर हा लखोटाही सही घेऊन द्यावा. महिन्यातून एकदा दप्तराची प्रत आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हा कप्पा उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवावा. फोटो त्या कप्प्यात असतात, मजकूर दप्तरात. दोन्ही हाती असले, की एक चाळ सोडून दुसऱ्या चाळीत बिऱ्हाड हलवणे अवघड नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर इंग्रजी ओळ आली, तर पुसण्याचे बटण दाबू नका. वही घ्या, ओळ उतरवा आणि विचारा : नाव, जागा, फायली, की दप्तर? आपल्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून घ्या. सांधा कसा शोधायचा हे तिला एकदा कळले, की गुरुजींची बदली झाली तरी गावात ते जाणणारे कुणीतरी राहील.