एक भाकर, एक पंगत



बचत गटाच्या हिशेबाचं प्रशिक्षण होतं, म्हणून आम्ही बारा जणी पुण्याला सदाशिव पेठेत गेलो होतो. दुपारी सगळ्यांचे डबे मधे ठेवले आणि गोल करून जेवायला बसलो. तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती बाया चर्चमधे भाकर मोडून खाता, तो तुमचा प्रसाद का? आणि एवढ्याशा तुकड्यानं देव जवळ कसा येतो?"

आम्हा बारा जणींत चौघी ख्रिस्ती आहोत. त्या दिवशी मावशींना आम्ही जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

या विधीला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिक मंडळींत तो मिस्सेत होतो. येशू ख्रिस्ताला क्रुसावर दिलं त्याच्या आदल्या रात्री तो शिष्यांबरोबर वल्हांडण सणाचं जेवण जेवला. त्यानं भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडून सगळ्यांना दिली आणि हे माझं शरीर आहे असं सांगितलं. मग द्राक्षारसाचा प्याला फिरवला आणि हे माझं रक्त आहे असं सांगितलं. माझी आठवण म्हणून हे करत राहा, असंही तो म्हणाला. त्याला धरून देणारा यहूदाही त्या रात्री त्याच ताटात हात घालत होता.

आजही तेच करतात. कॅथलिक चर्चमधे बिनखमिराच्या गव्हाच्या पिठाची पातळ चकती असते. प्रोटेस्टंट चर्चमधे बहुतेक ठिकाणी पावाचे तुकडे आणि छोट्या पेल्यांत द्राक्षाचा रस असतो. ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर हजर असतो अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. काही प्रोटेस्टंट मंडळी त्याला आठवणीचं जेवण मानतात. समजूत वेगवेगळी असली तरी या जेवणात आपण देवाच्या घरचे होतो, हे सगळेच मानतात.

आता मावशींचा दुसरा प्रश्न, देव जवळ कसा येतो? याचं उत्तर आम्हाला आमच्याच गटात मिळालं.

दोन वर्षांपूर्वी कर्जाच्या हप्त्यावरून आमच्यातल्या दोघींचं वाजलं. एक म्हणे हप्ता दिला, दुसरी म्हणे वहीत नाही. बोलणं बंद झालं. त्यातली एक ख्रिस्ती. ती चर्चला यायची, पण प्रभुभोजनाची वेळ झाली की मागे बसून राहायची. चार-पाच महिने असेच गेले. शेवटी आम्ही विचारलं, तर म्हणाली, "तिच्याविषयी मनात विष ठेवून मी हात कसा पुढे करू?"

तिचं बरोबर होतं. येशूची शिकवणच तशी आहे. देवाला अर्पण द्यायला निघालात आणि कुणाचं तरी मन आपण दुखावलंय हे आठवलं, तर आधी जाऊन समेट करा, मग अर्पण द्या. पौलानं करिंथच्या मंडळीला याच कारणानं खडसावलं होतं. तिथले खाऊनपिऊन सुखी लोक आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. हे प्रभूचं भोजनच नव्हे, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. म्हणजे शेजारणीला बाजूला सारून देवाशी नातं वाढत नाही.

मैत्रिणींनो, एका पंगतीला बसणं किती अवघड असतं हे पुण्याला चांगलं ठाऊक आहे. प्रशिक्षण संपल्यावर आम्ही सदाशिव पेठेतून चालत गुरुवार पेठेत पंचहौद चर्च पाहायला गेलो. १८९० साली तिथल्या मिशनमधे पुण्यातल्या नामवंत मंडळींना बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नाही. पण आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि गावात वादळ उठलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. ते काही प्रभुभोजन नव्हतं, नुसता पाहुणचाराचा चहा होता. तरी कुणाच्या हातचं प्यायलं यावरून एवढं रामायण झालं. पुढे टिळक ज्या विंचूरकर वाड्यात राहिले, तो सदाशिव पेठेतच आहे.

ख्रिस्ती झालं म्हणजे मनातली जात लगेच जाते असंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मधे हे मोकळेपणानं लिहिलंय. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं. हळूहळू विचार करत, स्वतःशी भांडत त्या बदलल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मन बदलायला वेळ लागतो, म्हणून तर प्रभुभोजन एकदाच घेऊन संपत नाही. आपली बचत दर महिन्याला थोडी थोडी साठते, तसंच हे आहे.

मग तयारी कशी करायची? आमच्या चौघींची रीत साधी आहे. आदल्या रात्री घरातली कामं आटोपली की दहा मिनिटं शांत बसायचं. आठवडाभरात कुणाला काय बोललो, कुणाचं काय ठेवून घेतलं, हे देवासमोर खरं खरं सांगायचं. ज्याची माफी मागायची त्याची मागायची. मग आभार मानायचे. या विधीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थच आभार मानणं असा आहे. आणि भाकर घेऊन घरी आलं की त्या दिवशी कुणासाठी तरी एक काम करायचं. आजाऱ्याला डबा, एकट्या म्हातारीची विचारपूस, काहीही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमधे दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि साध्या मराठीत बायबलचं भाषांतरही केलं. त्यांची भक्ती आणि भाकर वेगळी नव्हती.

आमच्या त्या मैत्रिणीचं काय झालं? एका शनिवारी संध्याकाळी ती दुसरीच्या दारात गेली. दोघींनी वही उघडून पुन्हा हिशेब केला. हप्ता दिलेला होता, पण चुकून दुसऱ्या पानावर लिहिला गेला होता. चूक सापडली, पण त्याआधीच ही म्हणाली होती, "पैसे गेले तर गेले, तू बोल माझ्याशी." दुसरीनं चहा टाकला. ती हिंदू आहे, तिला प्रभुभोजनाचं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चर्चमधे आमच्या मैत्रिणीनं हात पुढे केला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सदाशिव पेठेतल्या त्या मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुकडा छोटा, पण तो घ्यायच्या आधी लांबचं चालावं लागतं."

तुमचा धर्म कोणताही असो, येत्या बैठकीत एक गोष्ट जरूर बोला. आपल्या गटात कोण कुणाशी बोलत नाही? आणि पहिलं पाऊल कोण टाकणार?