बॅटरी बदलण्याआधी

आमच्या गटाची भाजी पिकअपने नागपूरला जाते. एकदा पहाटे भिसीजवळ दिवे मंदावले अन् गाडी बंद पडली. वांगी, टमाटर गाडीतच कोमेजले. नवी बॅटरी टाकली, तर चार दिवसांत तीही उतरली. दोष निघाला डायनामोच्या ढिल्या पट्ट्यात!

बॅटरी इंजिन सुरू करून देते. पुढची वीज डायनामो बनवतो, बॅटरीही तोच भरतो. चावी फिरवली की बॅटरीचा लाल दिवा लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. विझला नाही तर चार्जिंग होत नाही, असं समजा.

मग इंजिन बंद करून, पदर खोचून पट्टा दाबून बघा. ढिला आहे का, तडकला का? बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली का?

साधं मीटर असलं तर बरंच कळतं. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. आकडा वाढलाच नाही तर पट्टा, तारा किंवा डायनामो तपासायला सांगा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असेल. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून पाहू देऊ नका. त्यानं चांगला डायनामोही जळतो.

मीटर आता आमच्या गटाच्या पेटीत असतं. ड्रायव्हरभाऊ आधी हसले, आता तेच मागून नेतात.